टायलरला येताय, तर प्रार्थनेबद्दल थोडं आधीच

जय ख्रिस्त ताई,

तुम्ही लिहिलंय की टेक्ससमधल्या टायलरला नर्सची नोकरी पक्की झाली आणि ग्रीन कार्डावर मिस्टर व चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन तुम्ही उन्हाळ्यात येताय. तुमचे प्रश्न दोन: तिकडचे लोक जिथे तिथे मोठ्याने प्रार्थना करतात ती मनापासून असते का, आणि चर्चला जायचं म्हणजे एका राजकीय पक्षाचं व्हायचं का. मीही नगरचाच, या भागात एकोणीस वर्षं झाली. या प्रश्नांनी मला बरंच छळलं आहे, म्हणून उत्तर लांबेल.

प्रार्थना तुम्हाला पहिल्या आठवड्यातच भेटेल. कॅन्टीनमध्ये शेजारच्या टेबलावरचे लोक हात धरून डोळे मिटतील. ऑपरेशनला नेताना पेशंट तुम्हालाच म्हणेल, माझ्यासाठी प्रार्थना कराल का. (त्याने मागितली तर करा, आपणहून सुरू करू नका. हॉस्पिटलचा नियम रुजू होतानाच विचारून घ्या.) गावोगावच्या नगर परिषदांच्या सभाही प्रार्थनेने सुरू होतात. सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी त्याला मुभा दिली आहे.

मनापासून असते का? बहुतेक वेळा हो. इकडे कागदावरची प्रार्थना वाचली तर ती कोरडी वाटते, मनात येईल तसं बोललं तरच ती खरी. म्हणून अडखळत, ‘लॉर्ड, वी जस्ट आस्क यू’ असं पुन्हा पुन्हा म्हणत बोलतात. ते ढोंग समजू नका. आपल्या मंडळीतल्या आज्या उभं राहून अशीच मोकळी प्रार्थना करतात, आणि ही रीत बऱ्याच अंशी 1831 साली नगरला आलेल्या अमेरिकन मराठी मिशनबरोबरच आपल्याकडे आली.

पण नगरला आपण मूठभर. आपल्या प्रार्थनेने कोणाचं सरकार येत नाही की जात नाही. इथे प्रार्थना करणाऱ्यांच्या हाती सत्ता असते. गोऱ्या इव्हँजेलिकल (बायबल आणि व्यक्तिगत तारणावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) मतदारांपैकी दहातल्या सुमारे आठांनी 2016, 2020 आणि 2024 अशा तिन्ही वेळा ट्रम्प यांना मत दिलं. ओव्हल ऑफिसमध्ये त्यांच्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना करणाऱ्या पास्टरांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. त्यांच्या मनात काय होतं हे मी ठरवणार नाही. मात्र ते फोटो पाहिले की मला मत्तयाचा सहावा अध्याय आठवतो: खोलीत जा, दार लावून घे आणि गुप्तवासी पित्याची प्रार्थना कर. कृष्णवर्णीयांची चर्चंही तितक्याच मोठ्याने प्रार्थना करतात आणि त्यांचे बहुतेक सभासद डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतात. म्हणजे प्रार्थनेची आणि पक्षाची ही गाठ शुभवर्तमानाने बांधलेली नाही, इथल्या इतिहासाने बांधली आहे.

2020 च्या ऑक्टोबरमध्ये, आमच्या तेव्हाच्या चर्चमध्ये, बुधवारच्या प्रार्थनासभेत एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी उमेदवाराचं नाव घेऊन त्याच्या विजयासाठी विनवणी केली आणि पलीकडच्यांना ‘तुझे शत्रू’ म्हणाले. सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणालो. घरी पोहोचेपर्यंत तो शब्द घशात अडकून होता. माझ्या मुलीची शिक्षिका त्या ‘शत्रूं’मध्ये होती, आणि तीही तिच्या चर्चमध्ये प्रभुभोजन घेत होती.

पुढच्या फेब्रुवारीत टेक्ससमध्ये हिमवादळ आलं. वीज गेली, आमच्या घरातले पाइप फुटले. तेव्हा हेच गृहस्थ गोठलेल्या रस्त्यावरून पिकअप घेऊन आले, लाकडं उतरवली, आणि दारात उभं राहून नगरला आजारी असलेल्या माझ्या आईसाठी प्रार्थना केली. तिचं नाव त्यांच्या जिभेला वळेना. तीनदा प्रयत्न केला, पण नाव घेतल्याशिवाय पुढे गेले नाहीत. ती प्रार्थना खोटी होती असं मी कोणाला म्हणू देणार नाही. बुधवारचीही खोटी नव्हती, आणि हेच मला जड जातं. माणूस पूर्ण तळमळीने प्रार्थना करतो आणि तरी देवाकडे चुकीचं मागतो.

म्हणून चर्च निवडताना ‘हे मनापासून करतात का’ हा प्रश्न बाजूला ठेवा, आणि कोणासाठी प्रार्थना करतात ते ऐका. राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा, असं पौल तीमथ्याला सांगतो. त्यातून कोणाला वगळलेलं नाही. बायडेन अध्यक्ष असताना त्यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना व्हायची का, हे एखाद्या जुन्या सभासदाला सरळ विचारा. आम्ही तसंच विचारून आताचं चर्च निवडलं. व्यासपीठावर अमेरिकेचा झेंडा दिसला म्हणून लगेच मत बनवू नका, कितीतरी चांगल्या चर्चमध्ये तो फार पूर्वीपासून आहे. आणि सगळे एकाच सुरात बोलतात असंही नाही. रसेल मूर हे सदर्न बॅप्टिस्टांचे, म्हणजे इथल्या सर्वात मोठ्या प्रोटेस्टंट संघटनेचे, मोठे नेते, त्यांनी ट्रम्प यांच्यावर उघड टीका केली, त्याबद्दल बरंच सोसलं आणि 2021 मध्ये ते त्या संघटनेतून बाहेर पडले.

व्यासपीठावरून उमेदवाराचा प्रचार करायला चर्चसारख्या करमुक्त संस्थांना 1954 पासून बंदी आहे, पण ती क्वचितच बजावली गेली. 2025 च्या जुलैमध्ये तर कर खात्यानेच कोर्टात सांगितलं की उपासनेत आपल्या मंडळीशी बोलण्याला ही बंदी लागू होत नाही. तेव्हा असं काही कानावर पडलं तर दचकू नका.

मुलाचं सांगतो. सरकारी शाळेत प्रार्थनेची सक्ती करता येत नाही, हे 1962 पासून पक्कं आहे. टेक्ससच्याच सांता फे गावात फुटबॉल सामन्याआधी लाउडस्पीकरवरून प्रार्थना व्हायची, ती 2000 साली सुप्रीम कोर्टाने थांबवली. तक्रार करणारी दोन कुटुंबं नास्तिक नव्हती: एक मॉर्मन, एक कॅथलिक. 2022 च्या निकालाने मात्र सामन्यानंतर मैदानावर गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या कोचचा हक्क मान्य केला. म्हणजे मैदानावर कोच गुडघे टेकलेला दिसेल, आणि सोबतची पोरंही. मुलाला मनापासून वाटलं तर जाऊ दे. टीममध्ये जागा मिळावी म्हणून जाणार असेल तर घरी बसून बोला. रोज सकाळी अमेरिकेच्या आणि टेक्ससच्या झेंड्याची प्रतिज्ञा असते; तुम्ही लेखी कळवलंत तर त्याला ती म्हणावी लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. निवडणुकीच्या आधी काही चर्चच्या दारातच मतदार नोंदणीचं टेबल मांडतात. प्रेमळ माणसं फॉर्म पुढे करतात, त्यांना वाटतं आपण मदतच करतोय. ग्रीन कार्डावर मतदान करता येत नाही. ‘नागरिक आहे’ या चौकटीवर चुकून खूण केलीत तरी देशाबाहेर काढण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. लायसन्स काढतानाही हा प्रश्न येतो, तिथे घाई करू नका. ‘आम्ही अजून नागरिक नाही’ हे वाक्य मिस्टरांनाही पाठ करायला सांगा. तेवढं म्हटलं की कोणी आग्रह करत नाही.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या घरी चार मराठी कुटुंबं जमतात. दार लावून मराठीत गातो, मराठीत प्रार्थना करतो. तुम्हीही या. येताना आपल्या गीतांच्या पुस्तकाच्या दोन प्रती तेवढ्या आणा, आमच्या प्रतीची पानं सुटली आहेत.