किल्ले सोडून सातारा जिल्ह्यात गावाकडे बघण्यासारखं जुनं काय आहे?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, ‘गावांमधून फिरलो, कुठे साधी पाटीसुद्धा दिसली नाही, म्हणजे विशेष काही नसणार.’ मी वाई तालुक्यातला आहे. हेच वाक्य मी पंधरा वर्षं घरात ऐकतोय, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या भैरोबाच्या देवळामागे पाच वीरगळी होत्या, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीसाठी उभे केलेले कोरीव दगड, कमरेएवढ्या उंच, काळ्या दगडाच्या. आजी रोज सकाळी देवाला पाणी घालून झालं की उरलेला तांब्या त्यांच्यावर रिकामा करायची. मी कॉलेजात असताना देवळाचा जीर्णोद्धार निघाला. जेसीबीने मागची जागा सपाट केली, तेव्हा चार वीरगळी सभामंडपाच्या भरावात गेल्या. पाचवी वाचली ती आमच्या थोरल्या चुलत्यांमुळे, हे मी कधीही नाकारणार नाही. तात्या मशिनच्या आडवे उभे राहिले. पण पुढच्याच आठवड्यात त्यांनी ती दगडी कट्ट्यावर बसवली, भगवा ऑईल पेंट फासला आणि खाली पांढऱ्या अक्षरांत आमचं आडनाव लिहून घेतलं. का, तर हा आपल्या घराण्याचा मूळ पुरुष.

मी विचारलं, कशावरून? दगडावर एक अक्षर नाही. तात्या म्हणाले, “नाव नसंल तर दगडाला कोण इचारतंय?”

मग व्हायचं ते झालं. दुसऱ्या भावकीला ते सहन झालं नाही, कारण त्यांच्या मते तो वीर त्यांचा. त्यांच्या पोरांनी थिनर आणि तारेचा ब्रश घेऊन आडनाव घासून काढलं, आणि आडनावाबरोबर रंगाखालचं कोरीव कामही. मधल्या टप्प्यात अप्सरा वीराला हाताला धरून वर नेत होत्या. तिघींचेही चेहरे गेले. आता तिथे बोट फिरवलं तर नुसतं खरखरीत लागतं, आणि खाचांमधून भगवा रंग अजून दिसतो.

तात्यांना माझं तेव्हाही हेच सांगणं होतं आणि आजही आहे: नाव सोडून सगळं त्या दगडावर आहे. तळाच्या टप्प्यात दोन गाई कोरल्यात, म्हणजे गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना हा माणूस पडला. त्याच्या वर लढाई, मग अप्सरा, आणि सगळ्यात वर तो पिंडीसमोर हात जोडून बसलाय. डोक्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतोवर याची कीर्ती राहणार. नाव नाही म्हणून तो सगळ्या गावाचा. गुरं काय एकाच भावकीची होती?

तेव्हा पाटी शोधू नका. आधी किकलीला जा. भुईंजजवळ, चंदन-वंदन किल्ल्यांच्या बाजूला. तिथल्या भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात वीरगळी ओळीने उभ्या आहेत, आणि गावाने त्या जपल्यात. एका ठिकाणी इतक्या वीरगळी क्वचितच बघायला मिळतात. तात्यांना तीनदा म्हटलं, चला, एकदा बघून या. आले नाहीत.

नावाचंच हवं असेल तर लिंबची बारा मोटेची विहीर बघा. शिलालेखासकट आहे: वीरूबाईंनी 1719 ते 1724 मध्ये बांधून घेतली. आकार शिवपिंडीचा, आणि विहिरीच्या पोटातच छोटा महाल. वर मोटा चालत असताना खाली सावलीत माणसं बसत असतील, हे तिथे उभं राहिलं की पटतं. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा सगळे बघतात, घाटावरची घंटा मात्र बरेच जण नुसती वाजवून निघून जातात. ती पोर्तुगीजांची आहे, चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली तेव्हाची. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. मान वर करून बघा. धोमला कमळाच्या आकाराच्या कुंडात कासवाच्या पाठीवर नंदी बसलाय. संगम माहुलीला साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे. देगावजवळचं पाटेश्वर पायी चढायचं, तिथल्या पिंडींचे प्रकार दुसरीकडे दिसत नाहीत.

माझा पाटीला विरोध आहे असं समजू नका. पाटी हवीच, पण दगडाच्या शेजारी, दगडावर नको. आणि गावात विचाराल तर ‘वीरगळ’ म्हणू नका, बऱ्याच ठिकाणी तो शब्दच चालत नाही. ‘देवळामागे जुने कोरलेले दगड आहेत का’ असं विचारा, म्हातारी माणसं बरोबर नेऊन उभं करतात. ते दगड कुणाचे, हे मात्र विचारायला जाऊ नका.

पावसाळ्यात लिंबच्या विहिरीच्या पायऱ्या निसरड्या असतात, लहान मुलं असतील तर दिवाळीनंतर जा. वीरगळी सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर बघा, तिरप्या उजेडात कोरीव काम उठून दिसतं. भर दुपारी नुसता काळा दगड दिसेल. फोटोसाठी खडू किंवा रांगोळी चोळू नका. तांब्याभर पाणी ओतलं तरी पुरतं.