तालमीची चाळीस मिनिटं: ऑर्केस्ट्रासोबत सोलो वाजवणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रश्न

विद्यापीठाच्या मैफलीत निवडक विद्यार्थ्यांना व्यावसायिक ऑर्केस्ट्राबरोबर सोलो सादर करायची संधी मिळते. वाजवायची तयारी वर्षभर झालेली असते. ऑर्केस्ट्राच्या तालमीला मिळणारा वेळ मात्र मिनिटांत मोजावा लागतो, आणि या खेपेचे बहुतेक प्रश्न त्याच मिनिटांबद्दल आहेत.

प्रश्न: मी मेंडेलसनच्या ई मायनर व्हायोलिन कॉन्चेर्टोचा (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीच्या रचनेचा) पहिला भाग वाजवणार आहे. ऑर्केस्ट्राबरोबर 40 मिनिटांची एकच तालीम आहे आणि मैफलीच्या दिवशी एकदा सलग वाजवून बघायचं आहे. आजवर फक्त पियानोच्या साथीवर वाजवलंय. हा वेळ कसा वापरू?

पहिला भाग साधारण 13 मिनिटांचा आहे. तो एकदा न थांबता वाजवला की हातात 27 मिनिटं उरतात. तेवढ्यात तीन किंवा चार जागाच नीट होऊ शकतात, त्यामुळे त्या कुठल्या हे आधीच ठरवून ठेवा. लय किती, कुठे ती सैल सोडणार, कुठे श्वास घेणार, हे प्रश्न ऑर्केस्ट्रासमोर सोडवायचे नसतात. तालमीच्या काही दिवस आधी कंडक्टरची वेळ मागा, पियानोवादकाला घेऊन जा आणि तासभर वाजवून दाखवा. सोबत एका पानाची यादी न्या: बारचा (स्वरलिपीतल्या उभ्या रेषांमधल्या एका घराचा) क्रमांक, तिथे तुम्ही काय करता, आणि तिथे कोणी कोणाच्या मागे जायचं. तालमीतली बरीच थांबाथांब एवढ्या एका पानाने टळते.

बार क्रमांकांवरून आठवलं. तुमची पियानो साथीची प्रत, कंडक्टरचा स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी) आणि वादकांचे पार्ट (एकेका वाद्याची स्वरलिपी) वेगवेगळ्या आवृत्त्यांचे असले तर तालमीच्या खुणांची अक्षरं जुळत नाहीत. तुम्ही म्हणता ‘डी पासून’ आणि साठ वादक तिसऱ्याच ठिकाणी पान उलटतात. आधी स्कोअर बघून त्यातल्या खुणा स्वतःच्या प्रतीत पेन्सिलीने उतरवून घ्या आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बार क्रमांक लिहा.

या कॉन्चेर्टोत तीन जागा सांभाळा. पहिली म्हणजे सुरुवात. ऑर्केस्ट्राची लांबलचक प्रस्तावना इथे नाहीच, जेमतेम दीड बार झाला की तुम्ही आत. म्हणून गज तारेवर ठेवून, मनात लय सुरू करून मगच कंडक्टरला मान हलवून इशारा द्या.

दुसरी जागा कॅडेन्झाच्या, म्हणजे एकल वादक एकटाच वाजवतो त्या तुकड्याच्या शेवटची, आणि बिघडायची ती बहुधा इथेच. मेंडेलसनने कॅडेन्झा पूर्ण लिहून दिलाय आणि भागाच्या शेवटी न ठेवता मध्यावर आणलाय. तुमचा गज चारही तारांवर उसळत असतानाच ऑर्केस्ट्रा मूळ धून हलक्या आवाजात सुरू करतो. मैफलीत अंगात जोर चढला की गज जरा उंच उडतो किंवा हात घाईला येतो, आणि लय सरकते. कंडक्टरला ठोका पकडायला निदान दोन बार स्थिर लय हवी. गज ज्या बिंदूवर सहज उसळतो तिथे काडीवर खडूची बारीक खूण करून घरी मेट्रोनोमवर सराव करा आणि ऑर्केस्ट्राबरोबर हा सांधा दोनदा मागून घ्या.

तिसरी जागा सहज विसरली जाते. पहिल्या भागाच्या शेवटच्या स्वरसमूहातून ‘बसून’ (bassoon) हे खर्जातलं सुषिरवाद्य एकटंच ‘बी’ हा सूर धरून ठेवतं आणि त्यावरून दुसरा भाग सुरू होतो. तुम्ही एकच भाग वाजवणार, तर बसूनवादकाने इतरांबरोबरच थांबायला हवं. तशी खूण त्याच्या पार्टमध्ये आधीच करून घ्यायला सांगा. नाहीतर टाळ्या सुरू होतात आणि त्यातून एक एकटा सूर येत राहतो.

तालमीत काही सांगायचं असेल तर ते कंडक्टरला सांगा, वादकांकडे वळून नको. प्रत्येक विभागाला सूचना कशी द्यायची हे त्यांचं काम आहे.

प्रश्न: पियानोबरोबर माझी लय पक्की असते. ऑर्केस्ट्राबरोबर वाजवलं की कंडक्टर म्हणतात, ‘तू मागे पडतेस, आमची वाट बघू नकोस.’ मी तर सगळं कान देऊन ऐकते!

कान देऊन ऐकता म्हणूनच मागे पडता. 20 अंश तापमानाला आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. हॉर्न आणि टिंपनी तुमच्यापासून 12 मीटर मागे असतील तर त्यांचा सूर तुमच्यापर्यंत यायला 35 मिलिसेकंद लागतात. मिनिटाला 120 ठोक्यांच्या लयीत सोळांश स्वर (ठोक्याचा चौथा भाग) 125 मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे त्याचा चौथा हिस्सा वाटेतच गेला. त्यात पियानोची हातोडी तारेवर पडताक्षणी सूर उमटतो, पण बारा व्हायोलिनांचा एकत्र सूर उमलायला क्षणभर लागतो. तुम्ही तो ऐकून मग वाजवता, कंडक्टर तुमच्यासाठी थांबतो, वादक कंडक्टरसाठी थांबतात, आणि पाच बारांत सगळंच जड होतं.

इथे डोळ्यांवर विसंबायला शिका. कॉन्सर्टमास्टरचा (पहिल्या व्हायोलिनांच्या प्रमुखाचा) गज आणि कंडक्टरचा हात यांवर लय धरा. लाकडी सुषिरवाद्यांशी संवाद असेल तिथे त्यांच्या श्वासाबरोबर श्वास घ्या. घरच्या सरावाला एक उपाय आहे: मोठ्या खोलीत किंवा रिकाम्या सभागृहात पियानोवादकाला दहा मीटर दूर, तुमच्याकडे पाठ करून बसवा आणि एका तिसऱ्या माणसाला दोघांना दिसेल असा ठोका द्यायला सांगा. पहिल्या दिवशी अगदी परकं वाटेल, आठवड्याभरात सवय होते.

प्रश्न: मी चेलो शिकवतो. माझ्या विद्यार्थिनीला ड्वोर्झाकचा कॉन्चेर्टो वाजवायचाय. आवाज चांगला आहे, पण ऑर्केस्ट्रात बुडेल अशी भीती वाटते. दुसरी रचना सुचवू का?

भीती रास्त आहे. ड्वोर्झाकने तीन हॉर्न, दोन ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन आणि ट्यूबा घेतलाय. चेलोचा मधला पट्टा नेमका तिथेच येतो जिथे हॉर्न, बसून आणि व्हायोला दाटीने बसलेले असतात. सोलो सुरू होतो 87 व्या बारला, म्हणजे तीन-चार मिनिटं तिला त्या आवाजात नुसतं बसून राहायचंय. तोवर हात गार पडतात.

सॅं-सॉंचा ए मायनर चेलो कॉन्चेर्टो नं. 1 (1872) विद्यार्थ्यांसाठी जास्त समंजस निवड आहे. ऑर्केस्ट्राचा एक आघात झाला की लगेच चेलो, सलग सुमारे वीस मिनिटं, आणि चेलोभोवती मोकळी जागा राखून केलेलं लेखन. आमचं मत विचाराल तर पहिल्याच खेपेला हाच घ्यावा.

तरीही ड्वोर्झाकच ठरला, तर तीन गोष्टी करा. चेलोला 20 ते 30 सेंटीमीटर उंचीचा पोकळ लाकडी चौथरा द्या. चेलोची तळाची खुंटी थेट त्याच लाकडात टेकली की चौथराही घुमतो आणि आवाज मागच्या रांगांपर्यंत उचलला जातो. तिच्या पार्टमध्ये जिथे हळू वाजवायची खूण आहे तिथे मध्यम जोराने वाजवायला शिकवा. ऑर्केस्ट्रासमोरचं ‘हळू’ हे आवाजाच्या रंगाने दाखवायचं असतं. आणि आवाज कमी पडतोय असं वाटलं की विद्यार्थी गज दाबतात आणि भरभर ओढतात. त्यापेक्षा गज घोडीच्या जरा जवळ आणि हळू चालवला की आवाज दूर जातो. तालमीत तुम्ही स्वतः स्कोअर घेऊन पंधराव्या रांगेत बसा. मंचावर उभं राहून तोल कळतच नाही. बुडणाऱ्या बारांची यादी मध्यंतरात कंडक्टरला द्या. त्या बारांपुरते व्हायोलिनचे दोन-तीन डेस्क (एका स्टँडवर वाजवणाऱ्या जोड्या) थांबवणं त्यांच्या हातात असतं.

प्रश्न: मी विभागातर्फे मैफलीचं नियोजन बघते. तीन एकल वादक आहेत: पियानो, क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट. वादनाची काळजी शिक्षक घेतील. माझ्याकडून काय चुकू शकतं?

सगळ्यात महागात पडते ती पार्टची चूक, कारण ती तालमीच्या पहिल्या स्वराला कळते. हुमेलचा ट्रम्पेट कॉन्चेर्टो मुळात ई मेजरमध्ये (1803) आहे, पण बरेच वादक तो ई फ्लॅट मेजरमध्ये वाजवतात. विद्यार्थी एका पट्टीत आणि ऑर्केस्ट्राचे पार्ट दुसऱ्या पट्टीत, असं झालं तर तालीम तिथेच संपली. मोझार्टच्या के. 314 या कॉन्चेर्टोचं (‘के.’ हा त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) तसंच: ओबोसाठी सी मेजर, बासरीसाठी डी मेजर. चायकोव्हस्कीच्या रोकोको व्हेरिएशन्सची प्रचलित आवृत्ती आणि मूळ आवृत्ती यांत व्हेरिएशन्सचा क्रम आणि संख्या दोन्ही वेगळे आहेत. म्हणून विद्यार्थ्याकडून रचनेचं नाव एवढंच न घेता पट्टी, आवृत्ती, प्रकाशक आणि गाळलेले बार लेखी घ्या, आणि त्याच्या पार्टच्या पहिल्या पानाची प्रत ऑर्केस्ट्राच्या ग्रंथपालाला पाठवा. शोस्ताकोविचसारख्या विसाव्या शतकातल्या संगीतकारांचे पार्ट सहसा विकत मिळत नाहीत, प्रकाशकाकडून भाड्याने घ्यावे लागतात. त्याला आठवडे लागतात. आल्यावर कॉन्सर्टमास्टर गजाच्या दिशा घालणार, त्या सगळ्या पार्टमध्ये उतरवल्या जाणार. मैफलीआधी दोन-तीन आठवडे पार्ट हातात असू द्या.

आता पियानो. मोठा कॉन्सर्ट ग्रँड सुमारे 275 सेंटीमीटर लांब आणि जवळपास 500 किलोचा असतो. तो मध्ये आणायचा तर पुढच्या रांगांतल्या खुर्च्या आणि स्टँड उचलावे लागतात. दोन रचनांच्या मध्ये हे करत बसलात तर श्रोते दहा मिनिटं फर्निचर बघतात. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट मध्यंतराआधी, पियानो मध्यंतरानंतर, असा क्रम लावा. चाकांच्या आणि खुर्च्यांच्या जागा तालमीतच जमिनीवर चिकटपट्टीने आखून ठेवा.

ऑर्केस्ट्रा कुठल्या ‘ए’ स्वराला सूर मिळवतो हे विचारा: 440 हर्ट्झ, 442, की आणखी काही. पियानोचा सूर मंचावर बदलता येत नाही, बाकीचे त्याच्याशी मिळवून घेतात. 440 चा पियानो 442 वर न्यायचा असेल तर ट्यूनरला दोन-तीन दिवस आधी एकदा बोलवा आणि मैफलीच्या दिवशी पियानो जागेवर ठेवल्यावर पुन्हा. एकाच दिवसात चढवलेल्या तारा संध्याकाळपर्यंत उतरतात.

क्लॅरिनेटसाठी मोझार्टचा कॉन्चेर्टो के. 622 असेल तर एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. ऑर्केस्ट्राला सूर सहसा ओबो देतो, आणि त्यात ओबो नाहीतच. दोन बासऱ्या, दोन बसून, दोन हॉर्न आणि तारवाद्यं, बस्स. मग सूर देणार कोण, हे कंडक्टरशी आधी ठरवा, नाहीतर सगळे रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसतात. सोलो 57 व्या बारला सुरू होतो. तोवर क्लॅरिनेट गार होऊन सूर उतरतो, कारण दर अंशाला सुषिरवाद्यांचा सूर साधारण 3 सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) हलतो. विद्यार्थ्याने वाद्य काखेशी धरावं आणि आवाज न करता त्यात गरम श्वास सोडत राहावा. दिव्यांखाली तारा तापून उतरतात आणि सुषिरवाद्यं तापून चढतात, म्हणून रंगीत तालीम मैफलीचेच दिवे लावून घ्या.

प्रश्न: ऑपेरातली आरिया (एकल गाणं) गाणार आहे. दोन्ही तालमींत पूर्ण आवाजात गायलंच पाहिजे का?

नाही. अर्ध्या आवाजात गाता येतं, पण कंडक्टरला आधी सांगा. सभागृहात एकदा मात्र पूर्ण आवाजात गा, नाहीतर तोल कशावरून ठरवणार? ऑर्केस्ट्राच्या आवाजाला भेदून जाण्यासाठी जोर लावू नका. कसलेल्या आवाजाची ताकद 3000 हर्ट्झच्या आसपास एकवटते आणि तिथे ऑर्केस्ट्रा तुलनेने पातळ असतो. रेचिटेटिव्हचे (बोलल्यासारख्या गायच्या भागाचे) शब्द कंडक्टरला आधी म्हणून दाखवा. ऑर्केस्ट्राचा प्रत्येक आघात कुठल्या अक्षरावर पडतो, ते त्यांनी स्कोअरमध्ये लिहून घेतलं पाहिजे.

प्रश्न: मैफलीत मध्येच विसरलो, किंवा तार तुटली, तर?

विसरलात तर मागे जाऊ नका. ऑर्केस्ट्रा पुढेच जाणार आहे. सरावात प्रत्येक भागात सहा-आठ थांबे पक्के करा, शक्यतो तालमीच्या खुणांच्या अक्षरांवर, आणि त्यातल्या कुठूनही, कुठल्याही क्रमाने सुरुवात करायची सवय लावा. हात अडला की पुढच्या थांब्यावर उडी घ्या. कंडक्टरकडे बघा. ते ओठांनी अक्षर सांगतात किंवा तुमचा प्रवेश हाताने दाखवतात.

व्हायोलिनची तार तुटली तर तुमचं व्हायोलिन कॉन्सर्टमास्टरला द्या आणि त्यांचं घ्या. ते शेजाऱ्याचं घेतात, तुटकं व्हायोलिन मागे मागे जातं आणि मागचा वादक तार बदलतो. 1986 मध्ये टँगलवूडला 14 वर्षांच्या मिदोरीने बर्नस्टाइनच्या हाताखाली त्याचीच ‘सेरेनेड’ वाजवताना असं दोनदा केलं आणि वादन थांबू दिलं नाही. तिने हे सहज केलं असं दिसतं, पण परक्या व्हायोलिनचा खांद्याचा टेकू तुमच्या मापाचा नसतो आणि मानेची जाडीही वेगळी लागते. तालमीच्या मध्यंतरात कॉन्सर्टमास्टरना विनंती करून त्यांच्या व्हायोलिनवर चार बार वाजवून बघा, आणि त्यांचा टेकू खोक्यात आहे की वाद्यावर, एवढं तरी विचारून ठेवा.