सत्तरीच्या आईला सप्तशृंगी गडावर ट्रॉलीने न्यावं का? पायऱ्या न चढता घेतलेलं दर्शन खरं मानतात का?

खुशाल न्या. दर्शन ते दर्शनच. आमच्या घरात यावरून मोठं वाजलंय, म्हणून लिहायला बसले.

आमचं मूळ गाव खानदेशात, सप्तशृंगी कुलदैवत. आई पूर्वी चैत्रात पायी गडावर जायची. गुडघे गेले तशी ती पहिल्या पायरीवरच नारळ फोडून, वर बघून हात जोडायची आणि सगळे दर्शन घेऊन येईपर्यंत पिशव्या सांभाळत बसायची. पाचशेच्या वर पायऱ्या, करणार काय! २०१८ मध्ये रुळांवरून वर जाणारी ट्रॉली सुरू झाली तेव्हा मी म्हटलं, आता चल. तर धाकटे काका म्हणाले, "वहिनी, घाम गाळल्याशिवाय आई भेटत नसते." ती जी हिरमुसली, ती आलीच नाही.

मला याचा अजून राग आहे. हेच काका पायथ्याच्या नांदुरीपासूनचा घाट स्वतःच्या गाडीने चढतात. डांबरी रस्ता चालतो आणि रूळ चालत नाहीत, हे कुठल्या पोथीत लिहिलंय? त्या पायऱ्यासुद्धा अठराव्या शतकात उमाबाई दाभाडे यांनी बांधून घेतल्या, लोकांची सोय व्हावी म्हणूनच ना?

२०२२ मध्ये मूर्तीच्या संवर्धनासाठी मंदिर बंद होतं. शेंदराचे जुने थर काढले आणि नवरात्रात दर्शन पुन्हा सुरू झालं. मग दिवाळीनंतर मी कोणाला न विचारता आईला घेऊन गेले. ट्रॉली सुटली तशी तिने दांडी घट्ट धरून डोळे मिटले. विहिरीच्या रहाटाला दोन पोहरे असावेत तसं आहे ते, एक डबा वर चढतो तेव्हा दुसरा खाली येतो. दुसरा डबा शेजारून गेला तेव्हा तिने डोळे उघडले, ते पार वर पोहोचेपर्यंत दरीकडेच लावलेले. गाभाऱ्यासमोर अठरा हातांची ती मूर्ती पाहून म्हणाली, "अगं, हिचे डोळे असे होते होय!" रांगेतला माणूस "चला, पुढे चला" म्हणत होता, ही हलेना. बाहेर आल्यावर समोरचा मार्कंड्या डोंगर, खालचं गाव, पायी यायची ती वाट, सगळं मला बोट दाखवून सांगत बसली.

तुमच्या आईसाठी एवढंच बघा: चैत्रात आणि नवरात्रात नेऊ नका. खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात, पुढे एसटी, आणि ट्रॉलीलाही रांग लागते. एरवीसुद्धा वर दर्शनाच्या रांगेत उभं राहावं लागतंच. हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि परतही ट्रॉलीनेच या. "उतरायला काय लागतं, पायऱ्यांनी या" असं कोणीतरी म्हणेलच. दुखऱ्या गुडघ्यांना उतरणं जास्त जड जातं. आमच्याकडे काकांचं तेही सुचवून झालं होतं.