१९७० ची लिंकन कॉन्टिनेन्टल मार्क थ्री विकायला आहे. ६१ हजार मैल, आठ वर्षं गॅरेजमध्ये कव्हरखाली, १८ हजार डॉलर. घ्यावी का?

लगेच हो म्हणू नका, पण सोडूनही देऊ नका. तुमच्या प्रश्नात मला किंमत नाही खटकली, 'आठ वर्षं कव्हरखाली' हे खटकलं.

माझ्याकडे १९६९ ची मार्क थ्री आहे. मी डेट्रॉइटजवळ राहतो. ह्या गाड्या विक्समला बनायच्या, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर (तो कारखाना २००७ मध्ये बंद झाला). मला गाडी विकणारे आजोबा म्हणाले होते, अकरा वर्षांत पावसाचा थेंब लागू दिला नाही. खरंच होतं ते. पण त्या अकरा वर्षांत गाडी चाललीही नव्हती. पहिल्याच महिन्यात पेट्रोलचे रबरी पाइप गळायला लागले, मागच्या ब्रेकचे सिलिंडर जाम निघाले आणि टाकीच्या तळाशी वार्निशसारखा चिकट थर सापडला. रंग मात्र आरशासारखा! दुरुस्तीत एक अख्खा हिवाळा गेला.

म्हणून रंग आणि क्रोम शेवटी बघा. आधी हेडलाइट. ह्या गाडीचे दिवे झाकणांमागे लपलेले असतात आणि ती झाकणं इंजिनच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या जोरावर, हलतात. दोन्ही एकदम उघडली-मिटली पाहिजेत. मग झाकणं मिटवून इंजिन बंद करायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाऊन बघा. एक मिटलेलं आणि एक अर्धवट उघडं दिसलं, तर कुठेतरी हवा गळतेय. एसीच्या झडपा आणि पार्किंग ब्रेक आपोआप सुटण्याची सोयसुद्धा व्हॅक्यूमवरच चालते, तेव्हा शितावरून भाताची परीक्षा इथेच होते. पाइप स्वस्त असतात हो, पण डॅशबोर्डखाली उताणं पडून ते शोधताना मान धरते.

दुसरं, व्हिनाइलचं छप्पर, म्हणजे पत्र्यावर चिकटवलेलं प्लास्टिकचं आवरण. मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांवर बोट दाबा. फुगवटा किंवा करकर जाणवली तर खाली पत्रा सडलाय. वरून कीर्तन, आतून तमाशा. डिकीतला गालिचा उचलून पाणी साचल्याच्या खुणाही बघा.

६१ हजारावर फार विसंबू नका. मैलांचा काटा पाच आकडी आहे, ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो. ब्रेकच्या पेडलचं रबर आणि ड्रायव्हरच्या सीटची कड किती झिजलीय त्यावरून अंदाज येतो. पुढच्या काचेतून दिसणाऱ्या चेसिस क्रमांकाची सुरुवात शून्य, वाय, आठ, नऊ, ए अशी हवी: वर्ष १९७०, कारखाना विक्सम, मार्क थ्रीची बॉडी, ४६० घनइंची इंजिन. कागदावरचा आकडा त्याच्याशी ताडून बघा.

इंजिन दणकट आहे, साडेसात लिटरचं. फक्त टायमिंग चेनच्या (इंजिनच्या झडपा वेळेवर उघडवणाऱ्या साखळीच्या) वरच्या चाकाचे दात नायलॉनचे असतात. ते म्हातारपणी तुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. चेन कधी बदलली, हे विचारा. उत्तर आलं नाही तर तो खर्च किमतीतून वजा करा. टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. नक्षी कितीही ताजी दिसली तरी दहा वर्षांपूर्वीच्या टायरवर हायवेला जाऊ नका.

आता 'घ्यावी का' ह्याचं उत्तर. गुंतवणूक म्हणून घेत असाल तर नको. तीन वर्षांत जवळपास ८० हजार बनल्या, म्हणजे दुर्मिळ अजिबात नाही. खाली फोर्ड थंडरबर्डची चेसिस, पुढे रोल्स-रॉइससारखी जाळी, ही फोर्डचे तेव्हाचे बडे अधिकारी ली आयाकोका यांची कल्पना. नावाची तर गंमतच आहे: १९५८ मध्ये एक मार्क थ्री आधीच येऊन गेली होती, तिला कंपनी चक्क विसरली. तरीसुद्धा ते लांबलचक बॉनेट समोर घेऊन ताशी पन्नास मैलांनी निवांत जाण्यात जे सुख आहे, ते मला दुसऱ्या कुठल्या गाडीत मिळालेलं नाही. गॅलनला दहा मैल देते, तेही महागडं प्रीमियम पेट्रोल पिऊन.

व्हॅक्यूम टिकलं, छप्पर कोरडं निघालं आणि विक्रेता वर्षातून चार वेळा तरी गाडी फिरवत असेल, तर १८ द्यायला हरकत नाही. नुसतीच उभी असेल तर मी १२ च्या पुढे जाणार नाही.

आणि जायच्या आधी तुमचं गॅरेज टेपने मोजा. गाडी १८ फूट लांब आहे. आमचा स्नोब्लोअर (बर्फ हटवायचं यंत्र) ती आल्यापासून मागच्या शेडमध्ये राहतो.