स्वखर्चाने छापलेल्या पुस्तकांची मुखपृष्ठं नेमकी कुठे फसतात?

प्रश्न: माझा पहिला कथासंग्रह स्वखर्चाने छापतोय. डेमी आकार, १६० पानं. मुखपृष्ठ कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइनच्या साधनात स्वतःच केलंय. अशा मुखपृष्ठांत कुठल्या चुका हमखास होतात? छापायला देण्याआधी काय बघू?

उत्तर: चित्राचं नंतर बघू, आधी शीर्षकाची अक्षरं बघा. मी पुण्यात पुस्तकांची मांडणी आणि मुखपृष्ठं करतो. लेखकाने स्वतः किंवा घरातल्या एखाद्या कॉलेजकुमाराने केलेली मुखपृष्ठं ‘जरा छापण्याजोगी करून द्या’ म्हणून माझ्याकडे येत असतात. चित्र बऱ्याचदा चालण्यासारखं असतं. घात होतो तो अक्षरांत.

कॅनव्हासारखी सगळी साधनं रोमन लिपीच्या हिशेबाने घडली आहेत. इंग्रजी मुखपृष्ठांवर अक्षरं ऐसपैस, एकमेकांपासून लांब ठेवायची पद्धत आहे. ते बघून आपणही अक्षरांमधलं अंतर वाढवतो आणि शिरोरेघेचे तुकडे पडतात. मराठीत ते अंतर शून्यावरच राहू द्या. शीर्षक मोठं दिसायला हवं असेल तर फॉन्टचा आकार वाढवा, नाहीतर शब्द दोन ओळींत मांडा. दुसरी खोड म्हणजे अक्षरांना बाहेरून कड देणं. देवनागरी फॉन्टमध्ये एका अक्षराची शिरोरेघ पुढच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. एरवी ते कळत नाही, पण कड दिली की प्रत्येक जोडावर उभी रेघ उमटते आणि काना, मात्रा, वेलांटी वेगळे चिकटवल्यासारखे दिसतात. त्यावर सावली आणि सोनेरी छटा चढवली की लग्नाच्या फ्लेक्सचं काम पूर्ण झालं.

पुढे कुणाकडून फोटोशॉपमध्ये काम करून घेतलंत तर जोडाक्षरं एकेक करून तपासा. तिथे दक्षिण आशियाई लिप्यांसाठीची ‘वर्ल्ड-रेडी’ मांडणी निवडलेली नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षराच्या जागी हलन्त दिसतो. प्रूफ वाचणारा आतली १६० पानं डोळ्यांत तेल घालून वाचतो आणि मुखपृष्ठावरून त्याची नजर घसरते, कारण तिथे काय लिहिलंय हे सगळ्यांना पाठच असतं. ‘ल’ आणि ‘श’ही बघा. बऱ्याच फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे असतात. चूक म्हणता येणार नाही, पण मराठी डोळ्यांना कुठेतरी खटकतं.

मंगल फॉन्ट मुखपृष्ठावर नको. र. कृ. जोशींसारख्या मोठ्या अक्षररचनाकाराने तो घडवला, पण संगणकाच्या पडद्यावर वाचण्यासाठी. मोठ्या आकारात तो सरकारी परिपत्रकासारखा दिसतो. ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ मोफत आहे आणि त्याची वजनं, म्हणजे बारीक-जाड रूपं, बरीच आहेत. जरा पुस्तकी, जुन्या छापाचं वळण हवं असेल तर ‘तिरो देवनागरी मराठी’ बघा, तोही मोफत. ‘मोदक’ मलाही आवडतो, पण त्या गुबगुबीत अक्षरांत विधवेच्या परवडीची कथा शोभत नाही. एका मुखपृष्ठावर दोनांहून जास्त फॉन्ट नकोत.

माझं ऐकाल तर हाताशी असलेले पैसे चित्रावर न घालता शीर्षकावर घाला. एखाद्या चांगल्या सुलेखनकाराकडून फक्त शीर्षक लिहून घ्या आणि मागे सपाट रंग ठेवा. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी रेखाटलेली नावं आठवा. नुसत्या अक्षरांवरून नाटक हसवणारं की रडवणारं ते कळायचं.

आता चित्र. कथासंग्रहाच्या लेखकाला वाटतं की प्रत्येक कथेतलं काहीतरी मुखपृष्ठावर आलं पाहिजे. म्हणून विहीर, एसटी, म्हातारी, मोबाइल आणि कोपऱ्यात मावळतीचा सूर्य. कथा वाचलेल्या माणसालाच ते कळणार आणि त्याने पुस्तक आधीच घेतलेलं असतं! एकच वस्तू निवडा, ती मोठी दाखवा, बाकीची जागा मोकळी सोडा. हल्ली एआयकडून चित्र करून घेतात. घ्या, पण मराठी डोळ्यांनी तपासा. नथ उजव्या नाकपुडीत गेलेली असते, नऊवारीला कासोटाच नसतो, कोकणातल्या म्हणून दाखवलेल्या घराला धुराडं असतं. गूगलवर सापडलेला फोटो तर उचलूच नका. तो कुणाचातरी असतो, आणि बहुधा इतका लहान असतो की छापल्यावर फुटतो. छपाईला प्रत्यक्ष आकारात इंचाला ३०० ठिपके लागतात.

पुस्तकाची पहिली भेट आता दुकानापेक्षा व्हॉट्सॲपवर किंवा ॲमेझॉनच्या यादीत होते. मुखपृष्ठ अंगठ्याच्या नखाएवढं करून, काहीच माहीत नसलेल्या माणसाला दाखवा. शीर्षक वाचता आलं नाही तर ते बारीक तरी आहे किंवा त्याच्या मागे चित्राची गर्दी तरी आहे.

लेखकाच्या नावाआधी प्रा., डॉ. आणि नावापुढे पदव्यांची आगगाडी नको. मलपृष्ठावर मोबाइल नंबर, घरचा पत्ता, सत्कारांची यादी आणि स्टुडिओतला फोटो हे सगळं काढा. त्याने भरलेल्या जागेत पाठराखण, म्हणजे पुस्तकाबद्दलचा मजकूर, इतक्या बारीक टाइपात बसवावी लागते की ज्यांनी ती प्रेमाने लिहून दिली त्यांनाही भिंग घ्यावं लागेल. शे-सव्वाशे शब्द पुरे. काळ्या पार्श्वभूमीवर बारीक पांढरी अक्षरं असतील तर अनुस्वार आणि रफार शाईने बुजतात, तेव्हा तिथे जाड वजनाचा फॉन्ट घ्या.

कण्याची, म्हणजे पुस्तकाच्या बांधणीकडच्या उभ्या पट्टीची, रुंदी अंदाजाने ठरवू नका. १६० पानं म्हणजे ८० कागद. ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) वजनाच्या मॅपलिथो कागदाची जाडी ०.०९ मिमीच्या आसपास धरली तर कणा सुमारे ७ मिमी होतो. तरी मुद्रकाकडून नक्की आकडा घ्या, कारण कागद बदलला की तो बदलतो. एवढ्या कण्यावर शीर्षक आणि आडनाव बसतं. दोन्ही कडांपासून दीड-दोन मिमी जागा सोडा, नाहीतर घडी थोडी सरकली की शीर्षक मुखपृष्ठावर डोकावतं. मलपृष्ठ, कणा आणि मुखपृष्ठ अशी एकच सलग फाइल करा आणि बाहेरच्या चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जादा भाग, ठेवा. कॅनव्हातून काढताना ‘पीडीएफ प्रिंट’ निवडा आणि ब्लीडच्या चौकटीत खूण करा. जेपीजी पाठवू नका. पडद्यावरचा झगझगीत निळा आणि पोपटी छपाईच्या चार शायांत तसा येत नाही, मळका येतो. म्हणून सगळ्या प्रती काढण्याआधी त्याच कागदावर, लॅमिनेशनसकट एक रंगीत प्रूफ मागा. थोडे पैसे जातात, पण हे टाळू नका.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, घेतला नसेल तर राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडे आत्ताच अर्ज करा. तो मोफत मिळतो, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. बारकोडसाठी मलपृष्ठाच्या खालच्या कोपऱ्यात पांढरी चौकट आधीच राखून ठेवा. ऐनवेळी तो पाठराखणीच्या शेवटच्या दोन ओळींवर चिकटवलेला मी पाहिलाय.