वाचकांचे प्रश्न : गवत खाणारे कासव आणि जड धातू

प्रश्न : अन्नसाखळीत वर जावे तसे जड धातूंचे प्रमाण वाढत जाते, असे वाचले आहे. मग प्रौढपणी मुख्यतः सागरी गवत आणि शैवाल खाणारे हिरवे कासव त्यांपासून सुरक्षित असते का? आणि मृत कासवाच्या शरीरात धातू सापडले, तर तेच मृत्यूचे कारण मानावे का?

उत्तर : आपला तर्क पाऱ्याच्या बाबतीत बराचसा बरोबर आहे. जिवाणूंच्या क्रियेतून तयार होणारा मिथाइल पारा प्राण्यांच्या शरीरातून सहजी बाहेर पडत नाही आणि भक्ष्याकडून भक्षकाकडे जाताना साठत जातो. त्यामुळे खेकडे व शिंपले खाणाऱ्या लॉगरहेड कासवात तो हिरव्या कासवापेक्षा सहसा अधिक आढळतो.

कॅडमियमला मात्र हा नियम लागू पडत नाही. सागरी गवत पाण्यातून आणि तळाच्या गाळातून कॅडमियम शोषून घेते, चरताना थोडा गाळही पोटात जातो, आणि प्रौढ होण्यासच दोन ते पाच दशके घेणाऱ्या या प्राण्याच्या मूत्रपिंडात तो वर्षानुवर्षे साचत राहतो. हिरव्या कासवांच्या मूत्रपिंडांत कॅडमियमचे प्रमाण अनेकदा लक्षणीय आढळले आहे. जेलीफिशवर जगणाऱ्या लेदरबॅक कासवाचीही तीच गत. तेव्हा केवळ ‘शाकाहारी’ म्हणून निश्चिंत राहणे योग्य नव्हे.

दुसऱ्या प्रश्नाबाबत सावधगिरी हवी. मेटॅलोथायोनिन नावाची प्रथिने कॅडमियमला बांधून ठेवतात आणि सेलेनियममुळे पाऱ्याची विषारी शक्ती काही अंशी कमी होते. म्हणून धातू सापडणे आणि धातूने इजा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय संरक्षित प्राण्याला मुद्दाम विष देऊन घातक मात्रा ठरवता येत नाही (आणि ठरवूही नये), त्यामुळे संशोधकांना पेशींवरील प्रयोग आणि रक्ततपासण्या यांवर विसंबावे लागते. मूत्रपिंड, चेतासंस्था आणि रोगप्रतिकारशक्ती यांवर सावकाश होणारा परिणाम ही खरी चिंता आहे. काही धातू मादीकडून अंड्यांतही उतरतात.

जिवंत कासवाची तपासणीही शक्य आहे. रक्तावरून अलीकडच्या काळात शरीरात गेलेल्या धातूंचा अंदाज येतो, तर कवचावरील केरॅटिन या नखांसारख्या कठीण पदार्थाच्या पातळ खरवडीतून दीर्घकाळ साठलेल्या पाऱ्याचा.