प्लांट पॅथॉलॉजीत एमएस्सी करून पुढे काही आहे का, की सरळ कृषी सेवा केंद्र टाकावं?

तुम्ही लिहिलंय की बीएस्सी अ‍ॅग्री संपत आलंय, पॅथॉलॉजी, म्हणजे पिकांच्या रोगांचं शास्त्र, आवडते, पण घरचे म्हणतात, "रोग तर दुकानदारही ओळखतो, त्यासाठी आणखी दोन वर्षं कशाला?" हेच वाक्य मी आमच्या ओट्यावर ऐकलंय, आमच्या तात्यांच्या तोंडून. तात्या म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. म्हणून लिहायला बसले.

उत्तर आधीच देऊन टाकते: एमएस्सी करा. दुकान टाकायचंच असेल तर तेही त्यानंतर टाका.

आता त्या ओट्यावरची गोष्ट. २०१९ ची दिवाळी. मी राहुरीच्या कृषी विद्यापीठात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, सुट्टीला निफाड तालुक्यात घरी आलेले. ते वर्ष इकडच्या कुणालाच विसरता येत नाही. आधी क्यार वादळ, त्यामागे महा, नोव्हेंबर लागला तरी पाऊस हटेना. बागलाणातल्या अर्ली छाटणीच्या द्राक्षबागा तोवर हातच्या गेल्या होत्या. आमची छाटणी सप्टेंबरअखेरची, द्राक्षाचा थॉमसन वाण, तीन एकर. बांधाला बांध लागून तात्यांचा दीड एकराचा प्लॉट. घड बाहेर पडलेले, फुलोरा आठवड्यावर आलेला, आणि पानांवर तेलकट पिवळे डाग. डाऊनी, म्हणजे केवडा रोग. तेवढं ओळखायला एमएस्सी लागत नाही, आमच्याकडे शाळेतलं पोरही ओळखतं.

तात्यांनी दहा दिवसांत चार फवारण्या मारल्या होत्या आणि डाऊनी जागची हलली नव्हती. मी पावत्या मागितल्या. तीन फवारण्यांना तीन कंपन्यांची तीन औषधं, पण बारीक अक्षरातलं घटकाचं नाव वाचलं तर तिन्ही स्ट्रॉबिल्युरिन गटातली. चौथं हेक्झाकोनॅझोल. ते भुरीवर, म्हणजे पानावर पांढरी भुकटी आणणाऱ्या दुसऱ्या रोगावर चालतं, कारण भुरीची बुरशी आपल्या पेशींच्या आवरणासाठी अर्गोस्टेरॉल बनवते आणि हे औषध ते बनवणंच अडवतं. डाऊनीचा जीव मुळात खरी बुरशी नाही, ऊमायसीट नावाचा बुरशीसारखा दिसणारा वेगळाच जीव आहे, आणि तो स्टेरॉल बनवतच नाही. मग औषधाने अडवायचं काय? ती फवारणी अख्खी पाण्यात गेली.

स्ट्रॉबिल्युरिनचं दुखणं वेगळं. ही औषधं रोगजंतूच्या श्वसनातल्या एकाच प्रथिनावर, सायटोक्रोम बी वर, मारा करतात. त्याच्या जनुकात एका अक्षराचा बदल झाला, प्रथिनात १४३ व्या जागी ग्लायसीनऐवजी अ‍ॅलॅनिन हे अमिनो आम्ल आलं, की गटातली सगळी औषधं एकदम निकामी होतात. डबा बदलून काही होत नाही. जगभरच्या द्राक्षबागांत हे नोंदलेलं आहे. आमच्या बागेत तेच झालंय की आणखी काही, हे बघायला मी फराळाचे रिकामे झालेले डबे घेतले.

रोगट पानं ओल्या कागदावर उलटी ठेवून डबा रात्रभर अंधारात ठेवला. सकाळी खालच्या बाजूने पांढरी लव दाटून आलेली. ती ब्रशने पाण्यात झाडली. परसातल्या मांडवावर आमचा एक जुना वेल आहे, त्यावर आम्ही कधीच औषध मारत नाही. त्याच्या पानांच्या चकत्या कापल्या, काही साध्या पाण्यावर, काही लेबलवरच्या मात्रेच्या स्ट्रॉबिल्युरिनवर उलट्या तरंगत ठेवल्या आणि प्रत्येकीवर त्या पाण्याचे थेंब सोडले. सहाव्या दिवशी दोन्ही डब्यांत सारखीच लव. दोन्ही डबे उचलून तात्यांसमोर ठेवले.

तात्यांनी डब्यात पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "तो दुकानदार वीस वर्षं औषध देतोय. तू दोन वर्षं काचेत बुरशी पिकवलीस आणि आम्हाला शिकवतेस?" मी म्हटलं, "तात्या, त्याच्याकडे उधारी आहे म्हणून तो देईल ते आणता." हे मी बोलायला नको होतं, वडिलांनी डोळ्यांनी दटावलंही. पण ते खरं होतं. हंगामाची उधारी ज्याच्याकडे, तोच रोग ओळखणार, तोच औषध ठरवणार आणि तोच विकणार. माणसांच्या दवाखान्यातही डॉक्टर आणि मेडिकलवाला एकच असला की आपण सावध होतो, मग बागेत का होत नाही?

वडिलांनी माझं ऐकलं. दाटी कमी केली, फेलफुटी (घड नसलेल्या फुटी) काढल्या, रोगट पानं वेचून बाहेर नेली, स्ट्रॉबिल्युरिन पूर्ण बंद केलं आणि मँकोझेबसारख्या, अनेक जागी मारा करणाऱ्या औषधावर आले. आमचा निम्म्याच्या आसपास माल हाती लागला. तात्यांचे घड फुलोऱ्यात कुजले. आमची बाग किंचित उंचावर आहे, निचरा बरा आहे, त्यामुळे सगळं श्रेय मी घेत नाही. पण तात्या आजही चारचौघांत सांगतात, "त्या वर्षी पावसाने नेलं." पाऊस दोन्ही बांधांवर सारखाच पडला होता.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. सध्या या विषयात काय चाललंय? मी वर सांगितलं तेच काम संस्थांमध्ये नीट पद्धतीने चालतं: कुठल्या भागातला रोगजंतू कुठल्या गटाला दाद देत नाही हे शोधणं. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यासाठी सगळ्यात जवळचं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कटावबा आणि ब्यूटी सीडलेसच्या संकरातून एआरआय-५१६ हा बुरशीजन्य रोगांना तोंड देणारा वाण काढला. मनुका, रस, वाईन यांसाठी तो चालतो. देशातला बुरशींचा राष्ट्रीय संग्रहही त्याच संस्थेत आहे. महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्यावर संशोधन केंद्र आहे. भुरीच्या बुरशीवर जगणारी अँपेलोमायसिस ही बुरशी, ट्रायकोडर्मा बुरशी, बॅसिलस जिवाणू या जैविक घटकांवर भरपूर काम बाकी आहे, कारण प्रयोगशाळेत चालणारं जैविक औषध एप्रिलच्या उन्हात किती टिकतं हा प्रश्न अजून सुटलेला नाही. जनुक संपादनाचंही बघा. २०२२ मध्ये केंद्र सरकारने बाहेरचं जनुक न घालता केलेल्या संपादनाला जीएम पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली, त्यामुळे रोगप्रतिकारक वाणांचा तो रस्ता मोकळा झालाय.

मोबाइलवर पानाचा फोटो काढून रोग सांगणाऱ्या अ‍ॅपमुळे आपली गरज संपेल, असं कुणी सांगितलं तर २०१६ चा एक गाजलेला अभ्यास सांगा. एकसारख्या पार्श्वभूमीवर काढलेल्या फोटोंवर ९९.३५ टक्के अचूक ठरलेलं मॉडेल, दुसरीकडून आणलेल्या फोटोंवर ३१ टक्क्यांच्या आसपास आलं. बागेत पानावर औषधाचे डाग असतात, धूळ असते, दोन-दोन रोग एकत्र असतात. आणि फोटो कितीही चांगला असला तरी तो जंतू औषधाला दाद देईल का, हे त्यात दिसत नाही.

२०२० च्या मे महिन्यातला टोमॅटो आठवतो? संगमनेर, जुन्नर, नाशिककडचा माल रंग सोडायला लागला आणि लोकांनी त्याला तिरंगा व्हायरस म्हणायला सुरुवात केली. माणसांनाही होईल अशी अफवा उठली. नमुने बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत पाठवावे लागले, तेव्हा मुख्यतः काकडी मोझॅक विषाणू निघाला. तोवर टोमॅटोच्या दराची माती झाली होती. इतका टोमॅटो पिकवणाऱ्या पट्ट्यात विषाणू तपासणारी लॅब हाकेच्या अंतरावर असायला हवी होती. तुमच्यासाठी काम तिथे आहे.

नोकऱ्यांचं थोडक्यात. सरकारी वाटेने कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची नेट आणि एआरएस (कृषी संशोधन सेवा) या परीक्षा, वनस्पती विलगीकरण विभाग, एमपीएससीची कृषी सेवा. खासगीत मालात उरलेले औषधांचे अंश तपासणाऱ्या लॅब, निर्यातीचे पॅकहाऊस, बियाणे कंपन्यांचे रोग चाचणी विभाग, जैविक औषधं बनवणारे कारखाने. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून युरोपात आपली द्राक्षं अडकली तेव्हापासून अंश समजणाऱ्या माणसाला इकडे मान आहे. औषध कंपन्याही घेतात, पण तिथे टार्गेट विक्रीचं असतं. मी एक वर्ष केलं आणि सोडलं. ज्या गटाने आमच्या बांधावर दगा दिला तोच गट मला खपवायला सांगत होते. आता पिंपळगावकडे माझी छोटी लॅब आहे, द्राक्ष, टोमॅटो आणि कांद्याचे नमुने तपासते.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. एआरएसच्या जागा दरवर्षी निघतीलच असं नाही. प्राध्यापक व्हायचं तर पीएचडी धरून चाला, म्हणजे घरच्यांना आणखी चार-पाच वर्षं धीर धरावा लागेल. प्रकल्पावरच्या जागा प्रकल्प संपला की संपतात. लॅब टाकली तर पहिली दोन वर्षं लोक तपासणीचे पैसे द्यायला कुरकुरतात, पण औषधावर त्याच्या दसपट खर्च करतात. एमएस्सीला राज्याच्या सीईटीबरोबर आयसीएआरची (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची) परीक्षाही द्या, फेलोशिप मिळाली तर घरी हात पसरावा लागत नाही. आणि ज्याला फक्त सूक्ष्मदर्शकाशी बसायचंय, चिखलात उतरायचं नाही, त्याने या विषयात येऊ नये.

कृषी सेवा केंद्राला माझा सरसकट विरोध नाही. पावतीबरोबर औषधाचा गट लिहून देणारे दोन दुकानदार माझ्या ओळखीचे आहेत, आणि दोघांनीही पॅथॉलॉजीतच एमएस्सी केलीय.

घरी पुन्हा वाद झाला तर घरच्यांना या हंगामाच्या सगळ्या पावत्या काढायला सांगा. प्रत्येक औषधासमोर त्याचा घटक लिहा, घटकासमोर गट. एकाच गटाखाली किती औषधं येतात ते त्यांनाच मोजू द्या. मग अर्ज भरा.